साथ आली की शेजाऱ्याने दार लावून घ्यायचं का?

उंबरठा:
'सरळरेघ' यांनी परवा लिहिलं की साथीत शेजाऱ्यांनी मदतीच्या भानगडीत पडू नये, आजारी माणूस ही यंत्रणेची जबाबदारी, आणि दारोदार पिशव्या पोचवणारे 'हौशी समाजसेवक' हेच खरे रोग पसरवणारे. गप्प बसायचं ठरवलं होतं. नाही बसवत.

कोरोनात आमच्या वरच्या मजल्यावरचे आजोबा एकटे होते. त्यांना ताप आल्याचं कळलं आणि सगळ्यांनी जिनाच टाळायला सुरुवात केली. यंत्रणा म्हणजे फोनवरचा एक आवाज: 'त्रास वाढला तर कळवा.' कोण कळवणार? या आजारात ऑक्सिजन उतरत असताना कित्येकांना धापही लागत नव्हती. बोलता-चालता माणूस, आणि आकडा नव्वदच्या खाली. मी दाराबाहेर ऑक्सिमीटर ठेवला आणि सकाळ-संध्याकाळ फोन करून आकडा विचारत राहिले. ९४ च्या खाली गेल्यावर रुग्णवाहिका बोलावली. घरात पाऊलही टाकलं नाही. सांगा, यात मी काय पसरवलं?

कोरोना मुख्यतः पसरला तो कोंदट खोलीतल्या हवेतून. दूषित वस्तूला एकदा हात लागून लागण होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहून कमी, हे अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने एप्रिल २०२१ मध्येच सांगितलं. तुमच्याकडे अजून पिशव्या धुणं चालू दिसतंय.

सरळरेघ:
वाक्य सोयीने तोडलंत. 'प्रशिक्षण नसलेल्या' शेजाऱ्यांनी, असं लिहिलं होतं.

आता माझंही ऐका. माझ्या भावाला शेजाऱ्याने मोठ्या प्रेमाने गोळ्या आणून दिल्या, त्याच्या मेव्हण्याच्या चिठ्ठीवरच्या. त्यात स्टेरॉइड होतं. भावाला मधुमेह, आजाराची नुकतीच सुरुवात, ऑक्सिजन उत्तम. साखर पाचशेच्या वर गेली. २०२० च्या ब्रिटनमधल्या रिकव्हरी या औषधचाचणीत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने जीव वाचले ते ऑक्सिजनवर किंवा व्हेंटिलेटरवर असलेल्यांचे. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना फायदा दिसला नाही. पण फॉरवर्डमध्ये एवढं कोण वाचतो? भाऊ वाचला तो आयसीयूमुळे. आणि गोळ्या देतानाचा फोटो मात्र त्या गृहस्थांनी सगळ्यांना पाठवला होता, 'खारीचा वाटा' म्हणून.

खालचा_मजला:
ऑक्सिमीटरचा विषय निघालाच आहे तर, माझा अजून परत आलेला नाही. एका घरातून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या. शेवटी ज्यांच्याकडे गेला ते म्हणतात आम्ही पाहिलाच नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

रात्रपाळी:
मी वॉर्डात काम करते. ऑक्सिमीटर वाटताना वापरायचा कसा हेही सांगत चला. नखाला नेलपॉलिश नको, हात गार नको, बोट हलवायचं नाही, आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. लोक पहिला दिसेल तो आकडा सांगतात आणि एक तर उगाच घाबरतात नाही तर उगाच निर्धास्त होतात.

खालचा_मजला:
माझ्याबरोबर कागद होता सूचनांचा. कागद परत आला.

काळा_सावळा:
आणि सावळ्या कातडीवर हे यंत्र आकडा जास्त दाखवू शकतं, हे कुणी बोलणार की नाही? अमेरिकेतल्या २०२० च्या अभ्यासात कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये लपलेली ऑक्सिजनची कमतरता गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट वेळा निसटली. म्हणजे उंबरठाताईंचा ९४ हा ९४ होता कशावरून?

उंबरठा:
मग काय करायला हवं होतं? आजोबांचा रंग बघून फोन करायचा? एकाच वेळच्या आकड्यावर मी विसंबलेच नव्हते. कालच्यापेक्षा आज उतरलाय का, हे बघत होते.

रात्रपाळी:
तेच बरोबर. उतार बघायचा. सावळ्या माणसाच्या बाबतीत थोडं आधीच सावध व्हायचं. आता ऑक्सिमीटर पुरे.

खालचा_मजला:
तुमचा हरवला नाही म्हणून पुरे.

बखर:
प्रशिक्षणाचा एवढा टेंभा कशाला? १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंनी रोगी उचलून नेले, ते कुठलं प्रमाणपत्र घेऊन?

सरळरेघ:
आणि त्याच प्लेगने १० मार्चला त्या गेल्या. त्यांच्यापुढे मान झुकतेच. पण तुमच्या शेजारणीला तुम्ही हेच करायला सांगणार का? शिवाय त्या रोगी नेत होत्या ते त्यांचे दत्तक पुत्र डॉक्टर यशवंतरावांच्या दवाखान्यात. म्हणजे यंत्रणेकडेच.

बखर:
त्याच वर्षी सरकारी यंत्रणा काय करत होती? सोजीर घरात घुसून झडत्या घेत होते, माणसं ओढून नेत होते. लोकांनी आजारी लपवले ते त्या धास्तीनेच. तुमच्या यंत्रणेपर्यंत माणूस पोचायला आधी विश्वासाचा कुणीतरी लागतो. इतिहास अर्धा वाचायचा आणि वर मान झुकवायची!

सरळरेघ:
अर्धा कोण वाचतंय ते दिसतंच आहे. आवाज चढवल्याने मुद्दा वर चढत नाही.

रात्रपाळी:
भांडण बाजूला ठेवा. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा होता आणि सलाइन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर, सोडा मोजून पाण्यातून द्यायला लावलं, आणि पाजत होते कोण? रुग्णांचे नातेवाईक. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. बिनशिकल्या माणसाला नेमकं एक काम दिलं तर तो ते करतो. 'काहीतरी करा' म्हटलं की तो गोळ्या वाटतो.

सरळरेघ:
बरं, पाणी पाजा. कुणाचीही चिठ्ठी कुणाला देऊ नका, एवढंच म्हणतोय कधीपासून.

उंबरठा:
एवढंच म्हणत नव्हता, पण असो. १९९५ च्या जुलैत शिकागोत उष्णतेच्या लाटेने ७०० हून अधिक माणसं गेली. एकटं राहणाऱ्यांना धोका जास्त होता. तिथे तर संसर्गाचा प्रश्नच नव्हता, तरी दार वाजवणारं कुणी नाही. म्हणून आमच्या इमारतीत आता यादी करतोय.

काळा_सावळा:
यादी! म्हणजे आजारी कोण हे गावभर. माझ्या आईचं नाव असंच फिरलं होतं. ती बरी होऊन कितीतरी दिवस झाले तरी समोरच्या बाई तिला बघून दार लावायच्या.

उंबरठा:
आजारी लोकांची नाही हो. मदतीला तयार असलेल्यांची. कुणाला वाटलं तर त्याने स्वतः फोन करायचा. कोण फोन करणार, कोण औषध आणणार, रात्री गाडी कोण काढणार, एवढंच लिहायचं.

सरळरेघ:
फोनवाल्यांत माझं नाव घाला. जिना चढणार नाही. आणि कुणी फोटो काढला तर त्याच दिवशी नाव काढून घेईन.