‘एरिन गो ब्राख’ ही घोषणा नेमकी कोणाची?

शोधक:
आयरिशांच्या सेंट पॅट्रिक दिन या सणाच्या हिरव्या टोप्यांवर मिरवणाऱ्या या घोषणेचा अर्थ ‘आयर्लंड चिरायू होवो’ एवढाच सांगितला जातो. वास्तविक ‘ब्राख’मागे अखेरच्या निवाड्याच्या दिवसाची कल्पना आहे, तोवर आयर्लंड, असा तिचा आवेश आहे. १७९१ मध्ये बेलफास्टला स्थापन झालेल्या ‘युनायटेड आयरिशमेन’ने कॅथलिक व प्रॉटेस्टंटांना एकत्र आणून १७९८ मध्ये ब्रिटिश सत्तेविरुद्ध उठाव केला, तेव्हा ही घोषणा बंडखोरांच्या तोंडी होती. ती प्रजासत्ताकवाद्यांचीच, म्हणजे ब्रिटनपासून स्वतंत्र आयरिश प्रजासत्ताक मागणाऱ्यांचीच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाटसरू:
असहमत. १८९२ मध्ये बेलफास्टलाच अल्स्टर या उत्तरेकडील प्रांतातल्या युनियनवाद्यांचे, म्हणजे ब्रिटनशी एकत्र राहू इच्छिणाऱ्यांचे, मोठे अधिवेशन भरले, तेही होमरूलला (आयर्लंडच्या अंतर्गत स्वराज्याला) विरोध करण्यासाठी, आणि तेथेही हीच घोषणा झळकत होती. ब्रिटनशी जोडलेले राहूनही आपण आयरिशच आहोत, यात त्या मंडळींना काहीच वावगे वाटत नव्हते. तेव्हा या घोषणेचा सातबारा एकाच पक्षाच्या नावे करता येणार नाही.

शोधक:
विरोधकांनीही उचलावी, एवढे तिचे वजन होते, इतकेच त्यावरून सिद्ध होते. १९०६ च्या अथेन्समधील ऑलिंपिक क्रीडास्पर्धा पाहा. आयर्लंडची स्वतंत्र ऑलिंपिक समिती नसल्याने आयरिश खेळाडू पीटर ओ’कॉनरची नोंद ब्रिटनच्या खेळाडूंत झाली. लांब उडीत तो दुसरा आला आणि त्याच्या सन्मानार्थ युनियन जॅक चढवला गेला, तेव्हा हा गडी सरळ ध्वजस्तंभावर चढला आणि त्याने ‘एरिन गो ब्राख’ लिहिलेला हिरवा झेंडा फडकावला. कॉन लेही हा सहकारी खाली पहारा देत उभा होता. यात ब्रिटिश सत्तेचा धिक्कार दिसत नाही काय?

वाटसरू:
धिक्कार दिसतो, प्रजासत्ताकाची मागणी दिसत नाही. आपले पदक ब्रिटनच्या खात्यात जाऊ नये, ही त्याची तक्रार होती आणि ती रास्तच होती. शिवाय १८४६ ते १८४८ च्या युद्धात अमेरिकी सैन्य सोडून मेक्सिकोच्या बाजूने लढलेल्या सेंट पॅट्रिक बटालियनच्या हिरव्या निशाणावरही हीच अक्षरे असल्याचे समकालीन वर्णन आहे. गॅलवे परगण्यातून आलेल्या जॉन रायलीच्या या तुकडीत आयरिश स्थलांतरितांचा भरणा होता. पकडल्या गेलेल्यांपैकी अनेकांना १८४७ मध्ये फाशी दिली गेली, आणि ती देणारे अमेरिकी होते. ब्रिटिश राजवट त्या लढाईत कोठेच नव्हती. मग ती घोषणा तेथे कोणत्या प्रजासत्ताकासाठी होती, हे आपणच सांगावे.