१५००डीमध्ये लोकल बॅटरी फुगून अडकली आहे, अकितीला (अक्षय्य तृतीयेला) दोन लग्नं आहेत. मदत हवी आहे

मांडवातला_फोटोवाला

राम राम मंडळी. दिग्रस तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. चार एकर शेती आहे, अन् लग्नसराईत फोटो काढतो. कॅमेरा कॅनन १५००डी, सेकंडहँड घेतलेला, सोबत एकच ओरिजिनल बॅटरी आली होती. ती आता तीनेक वर्षांची असेल.

एका बॅटरीवर लग्न निघत नाही, म्हणून दिवाळीत ऑनलाइन दोन लोकल बॅटऱ्या मागवल्या. दोन बॅटऱ्या अन् यूएसबीवाला चार्जर मिळून आठशे नव्वद रुपये. यवतमाळच्या दुकानात एका ओरिजिनलचा भाव याच्या तिपटीच्या वर सांगितला होता. लोकलच्या लेबलवर १८०० एमएएच (बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप) लिहिलंय, ओरिजिनल एलपी-ई१० वर ८६०. म्हणजे दुप्पट चालेल, असा हिशोब मी केला. हसू नका.

हिवाळ्यात बरी चालली. कॅमेरा सुरू केला की कधी कधी स्क्रीनवर विचारायचा, बॅटरीवर कॅननचा लोगो आहे का म्हणून. मी ते पुढे ढकलून द्यायचो.

गेल्या आठवड्यात पुसदकडे लग्न होतं. ऊन ४३ अंश, मांडव पत्र्याचा. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा बॅटरीचं चिन्ह पूर्ण भरलेलं होतं. अंतरपाट खाली आला अन् कॅमेरा बंद. दुसरी टाकायला खालचं दार उघडलं, कडी सरकवली, तर पहिली बाहेरच येईना. पोट सुटलंय तिचं. नवरदेवाचे मामा डोक्यावर उभे, "भाऊ, काय झालं? भाऊ, काय झालं?" हार घालतानाचे फोटो शेवटी मोबाइलवर काढले. हिशोबाच्या वेळी त्यांनी दीड हजार कापले. मी काय बोलणार?

तर अडकलेली बॅटरी कॅमेऱ्याला धक्का न लावता काढायची कशी? दुसरी लोकल बॅटरी दिसायला सरळ आहे, पण ओरिजिनल चार्जरमध्ये लावली की केशरी दिवा फडफडतो. तिच्या यूएसबी चार्जरवर मात्र चार्ज होते. रात्री लाइट आली की मधल्या खोलीत लावून झोपतो. यंदाचा कापूस पण तिथंच भरलाय, भाव काही वर जाईना. ही दुसरी एवढा सीझन चालवावी की नाही? अन् लोकलच घ्यायची तर ओळखायची कशी?

निवृत्त_रेडिओवाला

कॅमेरा राहू द्या बाजूला. कापसाच्या खोलीतला तो चार्जर आज, आत्ता बंद करा. बाकीचं उद्या वाचलंत तरी चालेल.

फडफडणारा केशरी दिवा म्हणजे ओरिजिनल चार्जर सांगतोय की काहीतरी बिघडलंय, मी चार्जिंग थांबवतोय. यूएसबीवाला काही सांगत नाही, कारण त्याने बहुधा काही तपासलेलंच नाही. या बॅटरीत दोन लिथियम सेल एकामागोमाग जोडलेले असतात. प्रत्येक सेल ४.२ व्होल्टला भरला, म्हणजे दोन्ही मिळून ८.४ च्या घरात, की चार्जिंग थांबलं पाहिजे. तापमान कळावं म्हणून आत एक छोटा थर्मिस्टर असतो. स्वस्त मालात कधी त्या जागी साधा रेझिस्टर बसवतात, म्हणजे बॅटरी तापली तरी चार्जरच्या लेखी ती थंडच. दोन सेल जुळे नसले की एक आधी भरतो आणि जास्तच भरत राहतो. त्यातून आत वायू होतो, आणि पोट सुटतं ते असं.

तुमच्याकडे आता रात्रीही खोली पस्तिसाच्या खाली जात नसेल. लिथियम सेल साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये. दुपारी पत्र्याखाली तर नकोच. पहाटे, ओसरीत, फरशीवर ठेवून, तुम्ही जागे असताना करा.

वऱ्हाडी_ठेचा

भाऊ, त्या बॅटरीले पेचकस लावजो नको. माह्या दोस्तानं लावला होता, भोक पडलं अन् असा धूर निंगाला का घरातले सारे लोक आंगनात.

मी काय केलं होतं सांगतो. कॅमेरा बंद करून घंटाभर थंड होऊ दिला. मंग कापडाची चिकटपट्टी घेतली, ते इन्सुलेशनवाली नाई, ते गुळगुळीत असते. बॅटरीच्या दिसते त्या भागावर पक्की दाबून चिकटवली, दोन बोटांत धराले शेपटी ठेवली. एका हातानं कडी सरकवून धरली अन् शेपटी सरळ वर ओढली, जराशी डावी-उजवी हलवत. दोनदा पट्टी सुटली, तिसऱ्यांदा निंगाली. तरी नाई निंगाली त मेकॅनिककडे नेजो, तो खालचं कव्हर खोलते. निंगाल्यावर खिशात ठेवजो नको, चुलीत त अजिबात नाई.

पुणेरी_लेन्स

१८०० एमएएच वाचून लगेच कॅल्क्युलेटर काढला. ओरिजिनल ७.४ व्होल्ट, ८६० एमएएच, म्हणजे साधारण ६.४ वॅट-अवर. तुमच्या लेबलप्रमाणे १३.३. तेवढ्याच डबीत दुपटीहून जास्त ऊर्जा? ओरिजिनलचं वजन ४५ ग्रॅमच्या आसपास असतं. तुमची तोलून बघा, उत्तर तराजूच देईल.

चिन्ह भरलेलं असताना कॅमेरा बंद का पडला, तर ते चिन्ह मुख्यतः व्होल्टेजवरून अंदाज बांधतं. कमकुवत सेल स्वस्थ बसलेला असताना व्होल्टेज छान दाखवतो. शटर, फोकसची मोटर आणि फ्लॅश एकदम वीज ओढायला लागले की झटक्यात खाली येतो. अंतरपाट पडताना तुम्ही धडाधड फोटो काढत असणार. आणि फ्लॅश उघडा असला तर तोही याच बॅटरीवर जगतो.

जेनेरिक, म्हणजे तुम्ही म्हणता त्या लोकल, सरसकट वाईट असतात असं मी म्हणणार नाही. माझ्याकडे दोन आहेत, चौथं वर्ष चालू आहे. त्यांच्या लेबलवर ८५० लिहिलं होतं, आणि खरं लिहिणारा म्हणूनच मी त्या घेतल्या. घेताना बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह आणि त्याखालचा 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा, बीआयएस केअर ॲपवर टाकला की कोणाच्या नावावर आहे ते कळतं. तो खोटाही छापतात, म्हणून टाकून बघायचाच.

अवांतर: २०१३ च्या शेवटी निकॉनने डी३१००, डी३२००, डी५१००, डी५२०० साठी नवीन फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर) काढलं आणि ते टाकल्यावर बऱ्याच लोकांच्या जेनेरिक बॅटऱ्या रातोरात चालेनाशा झाल्या. कॅमेरा आणि बॅटरी आपसात बोलतात, त्याचा हा तोटा. वॉरंटीचंही लक्षात ठेवा, परक्या बॅटरीमुळे झालेला बिघाड कंपनी फुकट दुरुस्त करत नाही. तुमचा सेकंडहँड आहे म्हणा, म्हणजे तो प्रश्नच मिटला.

वऱ्हाडी_ठेचा

पुणेकर भाऊ, तुमच्याकडं ४३ अंशात फोटो काहाडून पाहा एकदा. बॅटरीचं जाऊ द्या, कॅमेऱ्याच्या पुस्तकातच ४० अंशांपर्यंतच वापरा म्हनून लिहिलं हाय. आमच्याइकडं एप्रिल-मेमंधी पुस्तक मिटूनच ठेवा लागते.

मांडवातला_फोटोवाला

सगळ्यांचे आभार. काल रात्रीच चार्जर कापसाच्या खोलीतून काढला. बाबांना कारण सांगितलं तर ते रात्री दोनदा उठून गंजीत हात घालून बघत होते, गरम तर नाही ना.

बॅटरी निघाली. चिकटपट्टीची युक्ती चौथ्यांदा लागू पडली. कप्प्याच्या आत एका बाजूला हलका ओरखडा आहे, पिना शाबूत. कोरड्या मऊ कापडाने पुसल्या.

आज दिग्रसला गेलो होतो, तिथे ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर दुसरी, न फुगलेली बॅटरी ठेवली. तो म्हणाला, मोडीत काढतोस का? ओरिजिनल ४५ ग्रॅम भरली. लोकल ३१. पाचपंचवीस लोकांसमोर मला कसंतरीच झालं.

घरी येऊन ओरिजिनल पूर्ण चार्ज केली अन् भिंतीकडे तोंड करून व्हिडिओ लावला, थांबला की पुन्हा सुरू केला. तीन वर्षांची म्हातारी ५२ मिनिटं चालली. लोकलची परीक्षा घेतली नाही, आधीची उरलेली चार्जिंगही आता वापरायची नाही.

निवृत्त_रेडिओवाला

बरं केलंत. दोन्ही लोकल बॅटऱ्यांच्या पिनांवर चिकटपट्टी लावा, वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवा, डबा घराबाहेर, गोठ्यापासून आणि कडब्यापासूनही लांब. यवतमाळला जाल तेव्हा ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. भंगारवाल्याला देऊ नका, तो हातोडीने फोडतो.

आणि लग्नात स्क्रीनवर बघून फोटो काढत असाल तर ते सोडा. डोळ्याला लावून काढले तर ओरिजिनल बॅटरीवर कंपनी सुमारे ५०० फोटो सांगते, तेही निम्मे फ्लॅश धरून. स्क्रीनवर निम्म्याहून कमी.

मांडवातला_फोटोवाला

काका, हे माहीतच नव्हतं. मी सगळं स्क्रीनवर बघूनच काढतो, नवरीकडच्यांना पण मागून दिसतं म्हणून.

एक ओरिजिनल उधारीवर उचलली आहे, कापूस विकला की पैसे देणार. अकितीच्या दोन लग्नांना दोन बॅटऱ्या झाल्या. एकीवर काम, दुसरी जानोशात कूलरसमोर चार्जिंगला, पुतण्याला पाहऱ्यावर बसवतो. बाह्य फ्लॅशमध्ये पेन्सिल सेल टाकतो, म्हणजे कॅमेऱ्याच्या बॅटरीवर भार नको.

पुणेरी दादा, तुमच्या त्या ८५० वाल्या बॅटरीच्या लेबलचा फोटो टाकाल का? नोंदणी क्रमांक दिसेल असा.