सूत्र पाठ असते, पत्ता कळलेला नसतो

प्रथम वर्षाला वर्ड-एक्सेल शिकवणे म्हणजे वेळ वाया घालवणे, मुलांना मोबाइलमुळे सगळे येतेच, हे मत मला पटत नाही. नागपुरातील एका महाविद्यालयात मी हा विषय शिकवतो. काटोलकडच्या एका विद्यार्थिनीने घरच्या संत्र्यांच्या पेट्यांचा हिशेब एक्सेलमध्ये मांडला; भाव एफ१ या एकाच चौकटीत होता, पण =बी२*एफ१ हे सूत्र खाली ओढताच पुढच्या ओळींत एफ२, एफ३ आले आणि त्या चौकटी रिकाम्या असल्याने सगळीकडे शून्य उमटले. तेथे $एफ$१ लिहून चौकटीचा पत्ता स्थिर करावा लागतो (एफ४ ही कळ त्यासाठीच), हे त्या शून्यांनी तिला जितके नीट समजावले, तितके माझ्या फळ्यावरच्या व्याख्येने समजावले नव्हते. रॅम (वीज असेपर्यंतच टिकणारी स्मृती) आणि हार्ड डिस्क (वीज गेली तरी टिकणारी साठवण) यांतला फरक मात्र फारसा शिकवावा लागत नाही. ऐन उन्हाळ्यात वीज गेली की जतन न केलेली फाइल तो शिकवून जाते. अभ्यासक्रमात मला उणीव वाटते ती युनिकोड मराठी टंकलेखनाची (त्यात प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच संकेतांक असतो), कारण रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार दाखवणाऱ्या कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला अर्ज तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर रोमन अक्षरांचा गुंता होऊन उघडतो.