रात्रीच्या आकाशावर पियानो पीस करायचाय, सुरुवात कुठून करू?

मृगवेडी
नमस्कार मंडळी, पियानो बरीच वर्षं वाजवतेय, घरी ८८ पट्ट्यांचा डिजिटल आहे, आणि आता स्वतःचं काहीतरी बसवायचंय. चार-पाच मिनिटांचा पीस, विषय रात्रीचं आकाश. थंडीत गावाला गेलं की गच्चीतून मृग इतका स्वच्छ दिसतो की त्याच्यावरच करावं असं फार मनात आहे. पण काहीही वाजवायला घेतलं की वरच्या सप्तकात टिणटिण, खाली पेडल दाबून अर्पेजिओ (कॉर्डचे सूर एकामागून एक), म्हणजे झोप लागावी म्हणून यूट्यूबवर लावतात ना, तसलंच होतंय. ऐकू काय, सुरुवात कशी करू, सॉफ्टवेअर कुठलं? फुकटातलं असेल तर उत्तम.

जुनी_टेप
ताई, आधी संगीतकार बार्टोकचा आउट ऑफ डोअर्स ऐका, पियानोचा १९२६ चा संच आहे, त्यातला चौथा भाग रात्रीचा. त्यात चमचम अजिबात नाही. एकमेकांना चिकटलेल्या सुरांचा गुच्छ हळूच वाजतो, मध्येच बेडूक नि किड्यांसारखे तुटक आवाज, बाकी मोकळी जागा. रात्र किती मोठी आहे ते त्या मोकळ्या जागेतून कळतं.

मग संगीतकार जॉर्ज क्रम्बचं मॅक्रोकॉसमॉस, तेही पियानोसाठीच. पहिले दोन खंड १९७२ आणि १९७३ चे, प्रत्येकात बारा तुकडे, एकेका राशीवर एकेक. पियानोला माईक लावून आवाज मोठा केलेला असतो आणि वादक थेट आतल्या तारांनाही हात घालतो. डिजिटलवर ते जमणार नाही, पण कान उघडायला ऐकाच.

कोणीतरी मूनलाइट सोनाटा सुचवेलच, तर सांगून ठेवतो, ते नाव बेटोव्हेनने दिलेलं नाही, त्याच्या मृत्यूनंतर चिकटलंय. पीस थोरच आहे, तुमच्या कामाला मात्र फारसा येणार नाही असं मला वाटतं.

काळी_पाच
तुम्ही हार्मोनियमवाल्यांमध्ये वाढला असाल तर हे लगेच कळेल. काळी पाचला (म्हणजे ए शार्पला) सा धरा, अख्खा मालकंस काळ्या पट्ट्यांवर येतो, एकही पांढरी लागत नाही. मालकंस रात्रीचा, म्हणजे विषयाला धरूनही झालं. आता त्यातला कोमल नि काढून शुद्ध नि घ्या, की चंद्रकंस, आणि तो शुद्ध नि म्हणजे पांढरी सहा (ए). सगळ्या काळ्या पट्ट्यांत ती एकच पांढरी! चंद्र उगवायला याहून चांगली जागा मला तरी सुचत नाही, दोन मिनिटं नुसता काळ्यांवर राहा आणि मग एकदाच ती पट्टी लावा.

फक्त राग वाजवतोय अशा भ्रमात राहू नका, पियानोवर मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) नाही, कोमल ग ला आंदोलन (हलकं डोलणं) देता येत नाही. सूर घ्या, चलन आपलं आपण ठरवा.

खगोलप्रेमी_पुणे
मालकंस सुंदर आहे हो, पण मग मृगाचं त्यात काय राहिलं? मी म्हणतो सूर आकाशालाच ठरवू द्या. संगीतकार जॉन केजने एट्यूड्स ऑस्ट्रालेस या पियानोच्या रचनांमध्ये (१९७४-७५, बत्तीस एट्यूड्स) दक्षिण आकाशाच्या नकाशांवरूनच स्वर काढले होते.

स्टेलारियम हे आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, ते उघडा आणि प्रत्येक ताऱ्याचे विषुवांश (आकाशातली पूर्व-पश्चिम जागा, तास-मिनिटांत), क्रांती (वैषुविक वृत्तापासून, म्हणजे आकाशातल्या विषुववृत्तापासून, उत्तरेला किंवा दक्षिणेला किती अंश) आणि प्रत (तेजस्वीपणाचा आकडा) लिहून काढा. विषुवांश म्हणजे वेळ, एका मिनिटाला एक सेकंद. क्रांती म्हणजे सुराची उंची, एका अंशाला अर्धा स्वर, आणि वैषुविक वृत्त म्हणजे मधला सी. प्रत म्हणजे जोर, आकडा जितका लहान तितका सूर मोठा.

मृगाचं करून बघा काय येतं. पहिला राजन्य (रायजेल), क्रांती साधारण उणे आठ, म्हणजे खालचा ई, सगळ्यात जोरात. दहा-अकरा सेकंद थांबून बेलाट्रिक्स, वरचा एफ शार्प. मग बाणाचे तीन तारे, ते बरोबर वैषुविक वृत्तापाशी आहेत, त्यामुळे सी, बी, बी फ्लॅट, चार-चार सेकंदांनी अर्ध्या-अर्ध्या स्वराने उतरत. मग सैफ, खालचा डी, आणि शेवटी काक्षी (बीटलज्यूस), वरचा जी. एकूण ४१ सेकंद आणि यातला एकही सूर आपल्या मनाचा नाही. शिवाय काक्षी रूपविकारी आहे, म्हणजे त्याचं तेज कमी-जास्त होतं, २०१९ च्या अखेरपासून फेब्रुवारी २०२० पर्यंत तो चांगलाच मंदावला होता, म्हणून परत वाजवताना तो जी अगदी हळू घेता येईल.

नारायणगावकर
आमच्या खोडदच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीचं नाव कोणीच घेतलं नाही म्हणून लिहितोय 🙂 ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश आहेत, पल्सारवर (ठराविक वेळाने रेडिओ ठोके देणाऱ्या, गरगर फिरणाऱ्या ताऱ्यांवर) तिथे खूप काम होतं. बी०३२९+५४ नावाचा एक पल्सार आहे, तो ०.७१४ सेकंदाला एक ठोका देतो, म्हणजे मेट्रोनोम ८४ वर ठेवला की झालं. डाव्या हाताला तेवढा एकच सूर द्या, न चुकता, आणि उजव्या हाताला वरचा मृग.

मृगवेडी
बाप रे, एवढं मिळेल वाटलं नव्हतं, मनापासून आभार सगळ्यांचे! खगोलप्रेमी, लगेच वाजवून पाहिलं. बाणाचे तीन सूर आले तेव्हा अंगावर काटा आला, खरंच. पण राजन्यानंतरचे ते दहा सेकंद, डिजिटलवर सूर विरून जातो आणि नुसती पोकळी राहते. तिथे काही भरू का?

जुनी_टेप
भरू नका, घुमू द्या. केजने त्याच एट्यूड्समध्ये खालच्या काही पट्ट्या पाचर लावून दाबून ठेवायला सांगितल्यात, त्या स्वतः वाजत नाहीत पण वरचे सूर लागले की त्यांच्या तारा आपोआप गुणगुणतात. तुमच्या पियानोत स्ट्रिंग रेझोनन्स (तारांच्या या गुणगुणण्याची नक्कल) असेल तर सेटिंगमध्ये चालू करा, मग डाव्या हाताने खालचे दोन ई आवाज न काढता दाबून धरा आणि राजन्य जोरात, पण तोकडा वाजवा. पेडल नको. रेझोनन्स नसेल तर कोणाकडे खरा पियानो आहे का बघा, तासभर जरी मिळाला तरी फरक कळेल.

नोटेशन लिहायला म्युझस्कोर हे सॉफ्टवेअर घ्या, फुकट आहे. आणि नारायणगावकरांचा ठोका आणायचा असेल तर तो बाणापासून सुरू करा, आधी नको, नाहीतर दहा सेकंदांची ती जागा मोजूनमापून टाकल्यासारखी होईल.