पावसाळ्यात सायकलला मडगार्ड लागतंच का?

सायकलस्वार_पुणे:
हायब्रिड सायकल, ७००×३५ (म्हणजे ३५ मिमी रुंद) टायर, डिस्क ब्रेक. जून ते सप्टेंबर रोज ऑफिसला सायकलनेच जायचं आहे. रेनकोट आहे, मग मडगार्डवर खर्च कशाला? आणि घ्यायचंच तर सीटच्या दांड्याला अडकवायचं छोटं चालेल का?

तेलपाणी:
रेनकोट वरचं पाणी अडवतो. चाक उडवतं ते खालचं, आणि त्यात वाळू, ऑइल, शेण सगळं असतं. छोट्या मडगार्डने पाठीवरचा पट्टा वाचेल, एवढंच. खरं नुकसान पुढचं चाक करतं: बूट भिजतात, चेन आणि बॉटम ब्रॅकेटवर (पॅडलचा आस फिरतो ती बेअरिंग) सतत बारीक वाळू बसते. तेलात मिसळलेली वाळू चेन घासत राहते. म्हणून पूर्ण लांबीचं घ्या, पुढचं तर नक्कीच. ३५च्या टायरला ४५ मिमी रुंदीचं.

पुढच्या मडगार्डच्या टोकाला रबरी फ्लॅप हवा, जमिनीपासून साधारण १० सेंमीवर. जुन्या ट्यूबचा तुकडा दोन झिप टायने बांधला तरी चालतो.

नटबोल्ट:
आधी फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) आणि मागच्या एक्सलजवळ एम५ म्हणजे ५ मिमी बोल्टची भोकं आहेत का पाहा. नसतील तर रबर लावलेले पी-क्लिप (नळीभोवती बसणारे पट्टीचे क्लॅम्प) वापरा, पण कार्बन फोर्कवर नको. डिस्क ब्रेकचा कॅलिपर (पॅड दाबणारा भाग) मडगार्ड धरणाऱ्या काडीच्या आड येतो. तिथे १०-१५ मिमी स्पेसर (अंतर राखणारी नळी) आणि तेवढाच लांब बोल्ट घाला. टायर आणि मडगार्डमध्ये सगळीकडे निदान १० मिमी फट ठेवा. काड्यांची जास्तीची लांबी करवतीने कापून टोकांना टोप्या बसवा, नाहीतर पोटरी सोलते. खडखड आली तर नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सैल न होणारा) लावा.

एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही: पुढच्या काड्या ओढ बसताच सुटणाऱ्या क्लिपच्या घ्या. काटकी अडकली की मडगार्ड गोळा होऊन चाक जागच्या जागी थांबतं आणि माणूस हँडलवरून पुढे जातो.

लालमाती:
हे सगळं डांबरी रस्त्यासाठी. कोकणातल्या कच्च्या वाटेवरचा चिकट चिखल १० मिमीच्या फटीत थापला जातो आणि चाक फिरेनासं होतं. तिकडे जाताना पूर्ण मडगार्ड काढून ठेवा, छोटं लावा.

सायकलस्वार_पुणे:
फोर्कला भोकं आहेत, पण पॅडल मारताना बुटाचं टोक पुढच्या टायरपासून जेमतेम बोटभर लांब राहतं. मडगार्ड बुटाला घासेल ना?

नटबोल्ट:
हळू चालवताना हँडल पूर्ण वळवलं तरच घासेल. ट्रॅफिकमध्ये वळताना वळणाच्या विरुद्ध बाजूचं पॅडल मागे ठेवा.