अनुभव धागा: नागपूरचा उन्हाळा आणि टाकीतले चेरी श्रिंप

शेवाळ्या:
कूलरला नव्या वाळ्याच्या ताट्या लागल्या, तो वास आला की चेरी श्रिंप, म्हणजे काचेच्या टाकीत पाळायचे छोटे झिंगे, ठेवणाऱ्यांना एप्रिलमध्ये गळलेली अंडी आठवतात. म्हणून धागा काढून ठेवतो. ज्याला जे माहीत ते लिहा, क्रमाची भानगड नको.

चेरी श्रिंप २० ते २६ अंशांत खुश असतात. २८ चालून जातं. ३० च्या वर पाणी काही दिवस राहिलं की माद्या अंडी सोडून देतात. खरा मार ऑक्सिजनचा असतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरला ९ मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, ३० अंशांत साडेसात. वरून गरमीत फिल्टरचे जिवाणू, सडता पाला, श्रिंप, सगळ्यांनाच तो जास्त लागतो. म्हणून एप्रिल लागला की स्पंज फिल्टरची (एअर पंपावर चालतो तो) हवा वाढवा, टाकीत दुसरा स्पंज टाका आणि खाणं निम्मं करा.

थंड करायला कॉम्प्युटरचा १२० मिमीचा, १२ व्होल्टचा पंखा पुरतो. झाकणाची काच काढून वर मच्छरदाणीची जाळी लावायची आणि पंखा काठावर तिरपा बसवायचा, वारा पाण्याच्या पृष्ठभागावरून घासून गेला पाहिजे. आपल्याकडे मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की ३-४ अंश सहज उतरतात. पावसाळ्यात हाच पंखा जवळपास निकामी.

टीडीएसभाऊ:
पंख्याचं बरोबर, पण अर्धी गोष्ट राहिली. ६० लिटरच्या टाकीतून पंख्याने रोज लिटरभर पाणी उडतं असं धरा. उडतं ते नुसतं पाणी, क्षार टाकीतच राहतात. वरून नळाचं २५० टीडीएसचं (लिटरला २५० मिलिग्रॅम विरघळलेले क्षार) पाणी ओतलं तर रोज २५० मिलिग्रॅम क्षार आत, म्हणजे ६० लिटरमागे रोज ४ ने वाढ. महिन्यात २०० चं ३२५ होतं आणि मग लोक विचारतात, काहून मरून राहिले?

उडालेलं पाणी आरओनेच भरा. काचेवर मार्करने रेघ मारा, रोज तिथपर्यंत. बदलायचं पाणी वेगळं, ते टाकीतल्या टीडीएसच्या जवळचं हवं आणि आठवड्याला १० टक्क्यांच्या वर नको. घरच्या आरओला टीडीएस कंट्रोलर (शुद्ध पाण्यात थोडं कच्चं मिसळणारा) असेल तर आधी मीटर लावून पाहा, कधीकधी त्यातूनच १०० येतं.

नवीनटाकी:
टीडीएस किती पाहिजे मग? आमच्याकडे बोअर ७०० दाखवतो

टीडीएसभाऊ:
बोअर विसरा. आरओत थोडं नळाचं मिसळा, १५० ते २५० च्या मध्ये ठेवा. नुसता टीडीएस पाहू नका, तो मिठानेही वाढतो. जीएच (पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम) ६ ते ८ आणि केएच (पाण्यातलं कार्बोनेट) २ ते ५ असलं की बास. जीएचची थेंबांची किट घ्या, पट्ट्यांवर भरवसा नाही.

मॉसवाली:
भाऊ, नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनचं लिहिलंच नाही तुम्ही. बादलीत एअर स्टोन (पंपाच्या हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) टाकून पाणी २४ तास ठेवा, मग वापरा. मी चाललेय कणीक भिजवायला, नंतर येते.

तर्री_नको:
कोळंबी म्हटलं की मले सावजी रस्साच दिसतो 😄

शेवाळ्या:
अडीच सेंटीमीटरचा जीव आहे बाप्पा, रश्शात शोधावा लागेल.

कामठीकर:
लाइट गेल्यावर काय करता ते सांगा. दुपारी दोन तास गेली तर पंखाही बंद अन् हवाही बंद

टीडीएसभाऊ:
वायफाय राउटरचा १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घ्या. पंख्याचा पिन बसतो का आणि प्लस-मायनस जुळतं का ते आधी पाहा. हवेसाठी यूएसबीवर चालणारा छोटा पंप. पॉवरबँकला जोडाल तर एकदा तासभर चालवून बघा, बऱ्याच पॉवरबँक इतका कमी करंट पाहून आपोआप बंद होतात. आणि पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा, नाहीतर लाइट गेली की नळीतून पाणी उलटं पंपात येतं. खाली ठेवायचाच असेल तर नळीत चेक व्हॉल्व लावा.

कामठीकर:
बर्फाची बाटली?

टीडीएसभाऊ:
नको. तासाभरात ४ अंश पडले तर कात अवेळी पडते. अगदीच आणीबाणी असली तर अर्ध्या लिटरची एक बाटली, आणि थर्मामीटर पाहत २ अंशांवर थांबा.

अंबाझरीचा_झिंगा:
एक गोष्ट कोणी बोलत नाही. कूलर असलेल्या खोलीत टाकी ठेवली की खोली थंड होते खरी, पण हवा दमट होते, मग टाकीवरचा पंखा कमी काम करतो. दोन्ही मिळून फायदाच आहे, फक्त दोघांची बेरीज धरू नका. टाकी कूलरच्या झोतात पण नको, रात्री कूलर बंद-चालू झाला की पाणी वरखाली होतं.

आणि कूलरच्या टाकीत डेंग्यूवाले अळीनाशक टाकून जातात. ते श्रिंपलाही मारतं. कूलर भरायला वापरलेला मग्गा, बादली, पाइप, काहीही मासोळ्यांच्या कामाला वापरू नका. गल्लीत धुराची गाडी आली की खिडक्या बंद आणि एअर पंप अर्धा तास बंद, कारण पंप खोलीतली हवाच पाण्यात ढकलतो. मच्छरची लिक्विड मशीन, कॉइल, झुरळाचा स्प्रे, सगळ्यात पायरेथ्रॉइड असतं. माणसाला किरकोळ, श्रिंपला विष. कुत्र्याला गोचिडाचं औषध लावलेला हात पण टाकीत नको.

नवीनटाकी:
बापरे. मशीन तर रोज रात्री चालू असते 😬

मॉसवाली:
आले परत. मच्छरदाणी लाव ना ताई, सगळ्यांचं भलं.
पिल्लांबद्दल लिहिते. मादीच्या मानेमागे पिवळट खोगिरासारखा डाग दिसला की अंडी तयार होताहेत. मग ती कात टाकते, पाण्यात वास सोडते आणि नर वेड्यासारखे टाकीभर पोहतात. ते पाहून घाबरायचं नाही. अंडी पोटाखाली येतात, साधारण २०-३०. पाणी २२-२४ असेल तर तीन ते चार आठवड्यांत फुटतात, गरमीत लवकर. पिल्लू २ मिमीचं, आईचीच छोटी प्रत, वेगळं काही भरवावं लागत नाही. काचेवरचा, मॉसवरचा (शेवाळासारखी पाणवनस्पती) बुळबुळीत थर हेच त्याचं जेवण. म्हणून टाकी घासून लख्ख करणाऱ्यांची पिल्लं जगत नाहीत. मागची आणि बाजूची काच तशीच राहू द्या.

पहिलटकरीण मादी अंडी गाळते बरेचदा, पुढच्या वेळी नीट होतं. हँग-ऑन (काठाला टांगायचा) फिल्टर असेल तर पाणी ओढणाऱ्या तोंडाला स्पंज लावा, नाहीतर सगळी पिल्लं आत. गप्पी ठेवू नका सोबत, पिल्लं वेचून खातात.

शेवाळ्या:
यात भर: रंग मिसळू नका. लाल, पिवळे, निळे सगळे एकाच जातीचे, एकत्र ठेवले की काही पिढ्यांत मातकट पारदर्शक निघतात.

कामठीकर:
कात अन् मेलेला, दोन्ही सारखेच दिसतात मले

शेवाळ्या:
कात पारदर्शक, पोकळ, मानेमागे फाटलेली. मेलेला गुलाबी, अपारदर्शक, उकडल्यासारखा. कात काढू नका, तेच खाऊन टाकतात, कॅल्शियम मिळतं. मानेमागे पांढरी गोल रेघ दिसली तर मात्र तो कातीत अडकलाय, फार कमी वाचतात. जीएच कमी किंवा एकदम जास्त पाणी बदललं, बहुतेक हेच कारण.

अंबाझरीचा_झिंगा:
समुद्रफेसाचा बोटभर तुकडा टाकतात लोक. हळूहळू विरघळतो, केएच पण वाढवतो, आणि त्यात मॅग्नेशियम जवळपास नाही. आरओवर चालत असाल तर जीएचचं मिनरल मीठच लागेल.

नवीनटाकी:
दुकानात "घोस्ट श्रिंप" म्हणून २० रुपयाला देतात ते चालतील सुरुवातीला?

अंबाझरीचा_झिंगा:
पायांची दुसरी जोडी पाहा. लांब चिमटा असेल तर तो मॅक्रोब्रॅकियम, आपल्या भंडारा-गोंदियाच्या तलावांत झिंगे मिळतात त्याच घराण्यातला. मोठा झाला की चेरी खातो.

तर्री_नको:
आमच्या टाकीत आमानो (दुसऱ्या जातीचे श्रिंप) आहेत, अंडी दिसतात नेहमी, पिल्लू एकही नाही. काय समजायचं?

शेवाळ्या:
आमानोची अळी गोड्या पाण्यात मोठी होत नाही. फुटल्यावर काही दिवसांत लिटरला ३० ते ३५ ग्रॅम मरीन सॉल्टच्या पाण्यात न्यावी लागते, हिरवं सूक्ष्म शेवाळ खाऊ घालावं लागतं, महिना-दीड महिन्याने रूप बदललं की परत गोड्यात. मोठ्यांना खाऱ्यात टाकू नका. सोपं हवं तर चेरीच ठेवा.

मॉसवाली:
खाण्याचं: पालकाची भाजी तीन मिनिटं उकळून टाकीत टाकायची, दोन तासांनी उरलेली काढायची. बाजारचा पालक चांगला धुवा, फवारणीचा असतो. देशी बदामाचं वाळलेलं तपकिरी पान चालतं, झाडावरून आपोआप पडलेलं, रस्त्याकडेचं नको. खाणं जास्त झालं की प्लॅनेरिया येतात, त्रिकोणी डोक्याचे चपटे पांढरे किडे. त्यावर फेनबेंडाझोल (जंताचं औषध) चालतं, पण नेराइट गोगलगायी आधी काढा, त्या मरतात. तांबं असलेली मासोळ्यांची औषधं तर अजिबात नको.

नवीनटाकी:
टाकी महिनाभर झाली चालू. आत्ता आणू का १० चेरी?

टीडीएसभाऊ:
पाण्याच्या टेस्टमध्ये अमोनिया आणि नायट्राइट शून्य आलं? आलं तरी आत्ता मागवू नका, कुरिअरच्या डब्यात ४० च्या वर जातं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी घ्या. तोवर टाकी अजून पिकू दे, म्हणजे जिवाणू आणि तो बुळबुळीत थर नीट जमू दे. आले की पिशवीतल्या पाण्यासकट डब्यात काढा आणि एअर ट्यूबला गाठ मारून टाकीचं पाणी त्यात सेकंदाला २ थेंब, दोन तास सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही.

नवीनटाकी:
मग तोवर मॉस तरी लावते. कुणाकडे आहे जास्तीचं जावा मॉस?

मॉसवाली:
माझ्याकडे ढीग आहे. धरमपेठेत ये संध्याकाळी सातनंतर, डबा आण, पिशवी नको. त्यात गोगलगायीची अंडी असतील, आधीच सांगून ठेवते.

कामठीकर:
मले पण ठेवजो ना थोडं ताई, रविवारी येतो