गोव्यात ठेवण्यासाठी उघड्या टपाची जुनी गाडी: एमजीबी, स्पिटफायर की अल्फा स्पायडर?

पर्वरीकर

नमस्कार मंडळी. उघड्या टपाची एखादी जुनी युरोपीय स्पोर्ट्स गाडी घ्यावी, असे बऱ्याच वर्षांपासून मनात आहे आणि आता घरच्यांची संमती व पोर्चमधली जागा ही दोन्ही जमून आली आहेत. रोजच्या कामाला दुसरी गाडी असल्यामुळे हिच्याकडून मायलेजची किंवा सामान वाहण्याची अपेक्षा नाही. पाऊस सरला की दिवाळीपासून शिगम्यापर्यंत रविवारी सकाळी बाहेर काढावी, रायबंदरहून फेरीबोटीने दिवाडी बेटावर जावे, कधीतरी चोर्ला घाट चढून बेळगाव गाठावे, एवढीच हौस आहे.

शोध तीन नावांवर येऊन थांबला आहे: एमजीबी, ट्रायम्फ स्पिटफायर आणि अल्फा रोमियो स्पायडर. पहिल्या दोन्ही १९६२ ते १९८० या काळातल्या, तर अल्फा १९६६ सालची आणि पुढे नव्वदच्या दशकापर्यंत चाललेली. आयातीच्या भानगडीत पडायचे नसल्यामुळे भारतात आधीच नोंदलेल्या गाड्याच पाहतो आहे. परदेशी मासिकांतल्या तुलना वाचून झाल्या, परंतु आपली खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि आपल्याकडे उपलब्ध असलेले मिस्त्री यांचा हिशेब त्यांत कुठून असणार? मन अल्फाकडे ओढते, हे आधीच सांगून ठेवतो. ज्यांनी अशा गाड्या सांभाळल्या किंवा दुरुस्त केल्या आहेत, त्यांचे मत हवे आहे.

जुना पाना (मडगाव)

यांतली कोणती गाडी जास्त वेगवान, हा विषय मी बाजूला ठेवतो, कारण आजची साधी हॅचबॅकसुद्धा या तिघींना सहज मागे टाकेल. गोव्यात निर्णय दोनच गोष्टींवर होतो. पत्रा कोणत्या अवस्थेत आहे आणि जो मिस्त्री इंजिन उघडणार, त्याला ते ओळखीचे आहे की नाही.

आधी इंजिनाचे सांगतो. एमजीबीचे १७९८ सीसीचे इंजिन बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) ‘बी’ मालिकेतले आहे आणि आपल्या ॲम्बेसेडरचे १४८९ सीसीचे जुने पेट्रोल इंजिन त्याच घराण्यातले. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, दोघांचाही ८८.९ मिलिमीटर, बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, तेवढा ७३ वरून ८०.२६ मिलिमीटरवर गेला. त्यामुळे पिस्टन आणि हेड गॅस्केट एकमेकांना चालत नाहीत, ते बाहेरूनच मागवावे लागतात, पण ज्याचे आयुष्य ॲम्बेसेडर टॅक्सीखाली गेले आहे असा मिस्त्री एमजीबीचे बोनेट उघडून बिचकत नाही. टॅपेट कुठे, पुशरॉड कसा काढायचा, डिस्ट्रिब्युटर कसा फिरवायचा, हे त्याच्या हाताला ठाऊक असते. नवीन शिकण्यासारखे म्हणजे दोन एसयू कार्ब्युरेटरांचा मेळ बसवणे. रबरी नळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे एकेका कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरून दोन्हींचा फुसकारा सारखा येईपर्यंत स्क्रू फिरवायचा. ज्याचा कान चांगला, त्याला या कामासाठी महागडे यंत्र लागत नाही.

स्पिटफायरची नाळ मद्रासला १९६१ पासून तयार होऊ लागलेल्या स्टँडर्ड हेराल्डशी जुळते. ती हेराल्ड म्हणजे मुळात ट्रायम्फ हेराल्ड, आणि स्पिटफायर तिच्याच यांत्रिक भागांवर उभी केलेली आहे. दुरुस्तीच्या सोयीत या तिघींत तिचा हात धरणारी कोणी नाही, कारण फेंडरसकट सगळे बोनेट पुढच्या बाजूला उलटते आणि पुढच्या टायरवर बसून टॅपेट लावता येतात. तिचा दोष मागच्या चाकांत आहे. सुरुवातीच्या गाड्यांत वळणावर अचानक ॲक्सिलरेटर सोडला, तर मागचे चाक आत दुमडल्यासारखे होऊन गाडी फिरू शकते. १९७० मध्ये आलेल्या मार्क फोर या चौथ्या आवृत्तीत मागची स्प्रिंग बदलून हा प्रकार बराच आटोक्यात आणला गेला. चोर्ला घाट करायचा असेल, तर त्याआधीची गाडी मी सुचवणार नाही.

आता पत्रा. एमजीबीला वेगळी चॅसी नाही, बॉडी हाच सांगाडा आहे. दारांखालच्या ज्या पोकळ पेट्यांना सिल म्हणतात, त्या गंजल्या की गाडी मधोमध वाकते. स्पिटफायरला स्वतंत्र चॅसी आहे, म्हणून पत्रा थोडा गेला तरी बिघडत नाही, असे विकणारे हमखास सांगतात. हेराल्डला ते बऱ्याच अंशी लागू पडते, स्पिटफायरला नाही. तिच्याही सिल भार घेतात. आपल्याकडची तांबडी माती चाकांवरच्या कमानींत जाऊन बसते, पावसाळाभर ओल धरून ठेवते आणि गंज आतून सुरू होतो. बाहेरून रंग दृष्ट लागावी असा असतो.

माझे मत एमजीबी. १९७४ च्या उत्तरार्धापासून रबरी बंपरच्या गाड्या आल्या आणि त्यांची उंची साधारण दीड इंच वाढवली गेली. वळणावर त्या जास्त कलतात, म्हणून आधीच्या क्रोम बंपरच्या गाड्यांचे शौकीन नाक मुरडतात. मात्र दिवाडीच्या फेरीबोटीवर चढताना हाच दीड इंच सायलेन्सर वाचवतो, शिवाय भावही तुलनेने उतरलेला असतो.

सासष्टीचा वाचक

जुना पाना यांचा अनुभव मोठा आहे, परंतु अल्फाला त्यांनी चर्चेतूनच बाद केले, ते मला पटत नाही. गाडी फक्त दुरुस्त करण्यासाठी घ्यायची नसते. १९६६ सालच्या स्पायडरला दोन ओव्हरहेड कॅमशाफ्टचे ॲल्युमिनियमचे इंजिन, पाच गिअर आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक होते. त्याच वर्षीच्या एमजीबीला चार गिअर, पुशरॉडचे इंजिन आणि मागे ड्रम, तर ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाचे फेरे कमी करणारी सोय) हवा असल्यास जादा पैसे. तिची बॉडी रेखाटणाऱ्या पिनिनफारिनाच्या रेषांबद्दल मी बोलत नाही, त्या ज्याच्या त्याने पाहाव्यात.

टपाचेही आहे. आपल्याकडे डिसेंबरातसुद्धा एखादी सर अवचित येऊन जाते. अल्फाचे टप बसल्या जागेवरून एका हाताने मागे ढकलता येते आणि तसेच पुढे ओढता येते. जुन्या एमजीबीच्या टपाशी झटापट होईपर्यंत सीट भिजलेली असते. अल्फाची आणखी एक जमेची बाजू म्हणजे तिच्या ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये व्हॉल्व्हच्या बैठका मुळातच वेगळ्या, कठीण धातूच्या बसवलेल्या आहेत, त्यामुळे शिसे नसलेल्या पेट्रोलने त्या झिजण्याची काळजी नाही. एमजीबीच्या बिडाच्या हेडला ते काम नंतर करून घ्यावे लागते आणि ते झाले आहे की नाही, हे गाडी घेतानाच विचारले पाहिजे.

दोषही सांगतो. दुसऱ्या गिअरचा सिंक्रो, म्हणजे खरखर न होता गिअर जुळवणारा भाग, लवकर दमतो. इंजिन थंड असताना दुसरा गिअर टाकताना खरखर आली, तर किंमत पाडून मागावी. गंजाच्या बाबतीत ती एमजीबीपेक्षा कमी नाही, किंबहुना फरशीचा पत्रा पातळ वाटतो. आणि हो, तिला हात लावणारा मिस्त्री गोव्यात शोधावा लागेल. पण आपणास स्वतः पाना धरण्याची आवड असेल, तर हे इंजिन शिकण्यात जी मजा आहे, ती ॲम्बेसेडरच्या मोठ्या भावंडात नाही.

फियाट १२४ स्पायडर कोणी स्वस्तात देऊ केली, तर तिचाही विचार होऊ शकतो, मात्र तिचे इंजिन टायमिंग बेल्टवर चालते आणि तो कधी बदलला, हे विकणाऱ्याला बहुधा आठवत नाही.

कागदपत्रे आधी

माझ्या टोपणनावाप्रमाणेच सांगतो: गाडी पसंत करण्यापूर्वी नोंदणीचा विचार करावा. ज्यांना पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटली आहेत आणि ज्या मूळ स्वरूपात आहेत, अशा खासगी गाड्यांसाठी २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज नोंदणीचे वेगळे नियम आणले. क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येते, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षे. मात्र अशी गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यासाठीच ती बाहेर काढायची असते. आपली दिवाडीची रविवारची फेरी यात बसत नाही. म्हणून गाडी नेहमीच्या क्रमांकावर असेल आणि दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण होत आले असेल, तर केवळ ‘व्हीए’च्या मिरवण्यासाठी ती बदलून घेऊ नये, असे मला वाटते.

दुसरे असे की, फियाट १२४ स्पायडर कारखान्यातून उजव्या स्टीअरिंगची कधी निघालीच नाही आणि अल्फाही बहुधा डाव्या स्टीअरिंगचीच पाहायला मिळते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२० प्रमाणे डाव्या स्टीअरिंगच्या गाडीला विहित प्रकारची, चालू स्थितीतली इशारा देणारी यांत्रिक किंवा विद्युत यंत्रणा असल्याशिवाय ती सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही. चोर्ल्यात ट्रकच्या मागे डावीकडे बसून पुढचा रस्ता कसा दिसतो, तो प्रश्न आणखी वेगळा.

इंजिन व चॅसी क्रमांक आरसी पुस्तकाशी स्वतः ताडून पाहावेत. परदेशी गाडीत कधीकाळी ॲम्बेसेडरचे इंजिन बसवल्याची उदाहरणे देशात पुष्कळ आहेत आणि त्याची नोंद प्रत्येकाने केलेली असतेच असे नाही.

पर्वरीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. डाव्या स्टीअरिंगचा मुद्दा निर्णायक वाटतो, कारण घाटात सौ. शेजारी बसून ‘आता काढा’, ‘आता नको’ असे सांगत राहणार, हे आमच्या संसाराला झेपणारे नाही. बेळगावला क्रोम बंपरची १९७१ सालची एक एमजीबी आहे, ती पाहायला जातो आहे. तिथे नेमके काय तपासावे? आणि सध्याच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचे काय करावे?

जुना पाना (मडगाव)

सोबत एक लोहचुंबक आणि पातळ फडके न्यावे. फडक्यात गुंडाळलेला चुंबक सिलवरून, चाकांमागच्या कोपऱ्यांवरून आणि दारांच्या खालच्या कडेवरून फिरवावा. जिथे तो धरत नाही, तिथे रंगाखाली पुट्टी आहे. मग दार अर्धवट उघडे ठेवून सिलच्या मागच्या टोकाजवळ जॅक लावावा आणि गाडी थोडी उचलून दार बंद करून पाहावे. ते घासले किंवा वरची फट आवळली, तर सिल गेली असे समजावे. विकणारा जॅक लावू देत नसेल, तर त्याच्याकडचा चहा घेऊन परत यावे. या सालच्या गाडीला सीटच्या मागे फळीखाली सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. ती फळी उचलून पाहाच, कारण वर्षानुवर्षे ॲसिड सांडून त्या खणांची चाळण झालेली असते आणि तिथे सहसा कोणी डोकावत नाही.

वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या प्रतीच्या घालून घ्याव्यात, पंपाचा पडदा आणि फ्लोट चेंबरची (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या वाटीची) रबरी वायसरेही बदलावीत. या पेट्रोलने हवा-पेट्रोलचे मिश्रण पातळ पडते, तेव्हा एसयूच्या जेटखालचा नट थोडा खाली फिरवून ते दाट करावे, तेही इंजिन पूर्ण तापल्यावर. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते, म्हणून जून लागण्याआधी टाकी आणि फ्लोट चेंबर रिकामे करावेत. गाडीवर प्लॅस्टिकचे कव्हर घालू नये, त्याखाली टपाला बुरशी चढते. सुती कव्हर घालून काचा बोटभर खाली ठेवाव्यात.

पाहून आल्यावर सिलचे फोटो टाका, रंगाचे नकोत.